पंधरा किलोंची आफ्रिका

पोराने मसाई माराची तिकिटं काढली, त्या दिवसापासून मी आसेगावच्या रस्त्यावरून जरा हळू चालू लागलो. लोकांना विचारायला सवड मिळावी म्हणून. "मास्तर, कुठं निघाले?" असं कोणी म्हटलं की मी "मंगरूळपीरले" एवढं सांगून थांबायचो आणि मग सहज आठवल्यासारखं "ऑगस्टात मात्र केनियाले" अशी पुस्ती जोडायचो. स्टँडवरच्या चहावाल्याला हे मी तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा त्याने चहाचे पैसे आधी मागितले.

तयारी लसीपासून सुरू झाली. केनियातून परतताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला जवळ नसेल, तर आपलंच सरकार आपल्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. एकदा टोचली की जन्माची सोय. गावात मी 'पिवळा ताप' असं शुद्ध मराठीत सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत मास्तरला कावीळ झाल्याची बातमी पसरली. दोघं उसाचा रस घेऊन आले. एकाने काविळीचं औषध देणाऱ्या बुवाचा पत्ता दिला. रस मी प्यालो. खुलासा करायचा राहून गेला.

मग कपडे. निळा आणि काळा रंग नको, कारण त्सेत्से नावाची चावरी माशी त्याच रंगांकडे धावते. माझे पाचापैकी चार शर्ट निळे. म्हणून खाकी जोडी शिवून घेतली, वर गळ्याखाली दोरी बांधायची टोपी. आरशात मला साक्षात शिकारी दिसला. बायको म्हणाली, "अहो, हे कोण्या फॉरेस्ट गार्डचे कपडे उचलून आणले?" शिवाय स्वेटर. केनियातून विषुववृत्त जातं हे मी तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं. पण मारा पाच हजार फुटांच्या वर आहे आणि पहाटे उघड्या गाडीत दात वाजतात, हे एकाही वर्गाला सांगितलं नाही. त्या सगळ्या बॅचेसची इथेच माफी मागतो.

खरी अडचण वजनाची. नैरोबीहून माराला जाणाऱ्या लहान विमानात माणशी पंधरा किलो, तेही मऊ बॅगेत. किराणा दुकानातल्या काट्यावर माझी बॅग तेवीस भरली. त्यात बराचसा चिवडा, शेव आणि लाडू. केनियाने 2017 सालापासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातलेली, म्हणून बायकोने जुन्या साड्या फाडून फराळासाठी पिशव्या शिवायला घेतल्या. नेमक्या त्याच वेळी धाकटा भाऊ दारात उभा राहिला. "वयनी, जुनी लुगडी हायेत का? वावराच्या तारेले बांधाची हायेत. रोही लय येऊन राह्यले."

आता रोह्यावर बोललंच पाहिजे. पुस्तकं त्याला नीलगाय म्हणतात. गाईचा संबंध नावापुरता. तो कुरंग आहे, आशियातला सगळ्यात मोठा. नर निळसर राखाडी, मादी मातकट. पूर्ण वाढलेला नर दोन क्विंटलांच्या वर जातो आणि तरी तारेच्या कुंपणावरून असा उडतो, की आमच्या शाळेत उंच उडीला एवढं पोर मिळालं असतं तर मी जिल्हा गाजवला असता. शौचाच्या बाबतीत तर तो गावाहून पुढे आहे. कळपाची जागा ठरलेली असते, पुन्हा पुन्हा तिथेच. ग्रामपंचायतीने याबाबत त्याच्याकडून काही शिकावं असं मी एका सभेत सुचवलं होतं; पुढच्या सभेचं बोलावणं आलं नाही. सोयाबीन दोन पानांवर आलं की तो कोवळे शेंडे खुडत जातो. त्याच्या आधी रानडुकरांनी पेरलेलं बी तासच्या तास उकरलेलं असतंच. त्यातून उरेल ते आपलं. तिकडे मारातला नू हाही कुरंगच. असे लाखो नू नदी ओलांडतात ते पाहायला मी लेकाचे लाखो रुपये घालवणार होतो. जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यात मात्र मी आजवर पाऊल टाकलेलं नाही. तिकडे जाऊन आल्यावर कोण विचारणार?

नवी दुर्बीण आणि डोक्याला बांधायचा दिवा तपासायचा म्हणून त्या रात्री मी भावाबरोबर जागलीला गेलो. पूर्ण वेषात. माळ्यावर ताडपत्री, खाली चिखल, वर भुरभुर पाऊस. दोनच्या सुमाराला रोही आले. अकरा होते. मी दिवा लावून खाकीत उभा राहिलो. ते माझ्याकडे बघत चरत राहिले. भाऊ पत्र्याचा डबा बडवत, ओरडत चिखलातून धावला तेव्हा कुठे हलले.

तो परत आला तेव्हा कापत होता. एकसष्ट वर्षांचा माणूस. पेरणीपासून एक रात्रही तो घरी झोपला नव्हता, आणि सोंगणीपर्यंत झोपणार नव्हता. मागच्या साली याच धुऱ्यावर डुकराने त्याच्या पोटरीला दात लावला, तेव्हा मी पुण्याला लेकाकडे होतो. वावर दोघांच्या नावावर आहे. आठवून पाहिलं, जागलीला मी या आधी कधी आलो होतो? आठवेना.

"दादा, तिकडं जनावर दिसलं का लोक काय करतात?" त्याने विचारलं.

"फोटो काढतात."

"आन् हाकलत कोण नाही?"

"नाही. हाकलायचं नसतं."

"बरं हाय," म्हणून तो बिडी पेटवायला लागला. काडी ओली होती. मी माझा स्वेटर काढून त्याला दिला.

सकाळी घरी येऊन पिशव्यांची शिवण उसवली. पिशवीची साडी काही परत होत नाही, पण तारेला बांधायला तुकडे चालतात. दुपारी दोघांनी मिळून ते बांधले. फराळातला शेव-लाडू रद्द झाला. चिवडा तेवढा स्टीलच्या डब्यातून जाणार आहे. काल पुन्हा काटा केला. चौदा किलो आठशे ग्रॅम, स्वेटर धरलेला नाही.