काकूंच्या वहीतलं इंजिन

आमच्या पिकअपचा मीटर 2,18,640 वर अडला, त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. वेगाचा काटा हलतो, आकडे हलत नाहीत. दुरुस्त करू का, असं मिस्त्रींनी दोनदा विचारलं. काकांनी दोन्ही वेळा हात जोडले. "राहू द्या. घरात तेवढं एकच काय ते म्हातारं व्हायचं थांबलंय."

खरा आकडा काकूंच्या वहीत आहे. बडोद्यात दिवाळीला व्यापारी चोपडापूजन करतात. आम्ही व्यापारी नव्हे आणि गुजरातीही नव्हे, पण दांडिया बाजारात चार पिढ्या काढल्यावर लाल कापडी बांधणीचा चोपडा घरात शिरल्याशिवाय राहत नाही. काकू दर दिवाळीला एक आणतात. डाव्या पानावर दूधवाला आणि इस्त्रीवाला, उजव्या पानावर गाडी. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या कचेरीत कारकून होते. त्यामुळे लिहून ठेवल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असं आमच्याकडे कुणी मानत नाही. मी दहावी पास झालो तेव्हा आधी वहीत नोंद झाली, मग पेढे आले.

मीटर अडल्यावर काकूंनी सोपा हिशेब धरला: जेवढे लिटर डिझेल, गुणिले अकरा. त्या हिशेबाने गेल्या दिवाळीत गाडीने चार लाख सहा हजार ओलांडले. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. तिचा काही दोष नाही. हे लोक एवढी वर्षं गाडी सोडणार नाहीत, हे तिला बिचारीला कुणी सांगितलं नव्हतं.

धंदा मंडपाचा आणि भाड्याच्या भांड्यांचा. पातेली, झारे, सतरंज्या, बांबू, आणि भाद्रपदात गणपती. मी बँकेतून निवृत्त झालो आणि काकांचे गुडघे क्लच दाबायला नको म्हणू लागले, हे एकाच वर्षी झालं. म्हणून गाडी माझ्याकडे आली. वही आली नाही. ती काकूंनी हातची सोडली नाही.

गाडी टिकवण्याबाबत काकांची स्वतःची मतं होती. कोयलीची रिफायनरी 1965 पासून गावाच्या वेशीवर असल्यामुळे बडोद्याचं डिझेल ताजं असतं, हे पहिलं मत. सुरतेपुढे भरलेलं डिझेल त्यांना शिळं वाटे. गाडीला जीव लावावा, हे दुसरं. ते रोज सकाळी बॉनेटवर हात फिरवायचे. दसऱ्याला झेंडूचा एवढा जाड हार घालायचे की समोरून गाडी ओळखू येत नसे. एका दसऱ्याला तसाच हार घालून आम्ही पाद्र्याला निघालो. जाळी झाकलेली, रेडिएटरला वारा नाही, पंख्याने पाकळ्या ओढून घेतलेल्या. अर्ध्या वाटेत वाफ. त्या दिवशीची नोंद अशी आहे: "हार जाळीवर घालू नये. आरशाला घालावा. पाणी उकळलं."

काकूंनी बॉनेटवर कधी हात फिरवला नाही. रोज सकाळी मी गाडी चालू केली की त्या गॅलरीत उभ्या राहून धूर बघतात. थंडीत दोन मिनिटं पांढरा धूर आला तर त्या आत जातात. काळा आला तर "एअर फिल्टर झटक" म्हणतात. निळा म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. तो दिसला तर त्या काही बोलत नाहीत, सरळ मिस्त्रींना फोन लावतात.

मिस्त्रींचं गॅरेज पाणीगेटला. इंजिन चालू ठेवून ते ऑइलचं झाकण काढतात आणि तोंडावर तळहात धरतात. आतून भकाभका हवा आली की गाडी 'बॅक मारते', म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या, खर्च जवळ आला. मग एक लांब पेचकस घेतात, टोक इंजिनला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. पेचकसाला इकडे डिसमिस म्हणतात. मी बँकेत नोकरीला असताना पहिल्यांदा मिस्त्री पोऱ्यावर ओरडले, "डिसमिस लाव!", तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला होता. ऐकून झाल्यावर मिस्त्री एकच वाक्य बोलतात. "एन्जिन बोले छे." काय बोललं ते सांगत नाहीत, बिलावर लिहितात.

मीटर चालू होता त्या काळातली एक गोष्ट. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने काकांना पटवलं की रेडिएटरच्या वाटेतला थर्मोस्टॅट, ज्याला सगळे नुसतं 'वॉल' म्हणतात, काढून टाका, म्हणजे गाडी कधी तापणारच नाही. काकांनी काढला. गाडी खरंच तापेना. काटा तळाला चिकटून बसला. काका महिनाभर खुशीत. काकूंच्या वहीत मात्र लिटरमागे अकराचे साडेनऊ झाले आणि ऑइलच्या झाकणाखाली राखाडी लोण्यासारखं काहीतरी साचलं. पुरतं तापत नाही त्या इंजिनात पाण्याची वाफ उडून जात नाही, ती ऑइलमध्ये मुरते. डिझेल नीट जळत नाही, आणि जास्त झीज होते ती गाडी गरम असताना नव्हे, अशा गारठ्यात. मिस्त्रींनी नवा वॉल बसवला आणि काकांकडे न बघता म्हणाले, "काका, इंजिन आहे, पाण्याचं माटलं नाही." बिलात वॉल होता, टोमणा फुकट.

डभोईच्या वाटेवर फॅन बेल्ट तुटला, तीही नोंद आहे. मागे दोनशे माणसांची भांडी, पुढे लग्न. त्या एका बेल्टवर पंखा, पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर असे तिघे जगतात. तो गेला की तिघे एकदम बसतात. शेवटी एका ट्रॅक्टरने ओढत नेलं. मला लाज वाटत होती. काका पुढच्या सीटवर मजेत. "लाजतोस काय? गायकवाडांची रेल्वे 1862 साली याच डभोईहून मियागामपर्यंत सुरू झाली ती बैलांनी ओढायची. इंजिनं रोजची धावायला पुढे बरीच वर्षं लागली. आपण तर ट्रॅक्टर लावलाय." काकूंनी लिहिलं: "बेल्टला भेगा होत्या. कुणी पाहिल्या नव्हत्या." तेव्हापासून सीटखाली एक बेल्ट, एक डिझेल फिल्टर, एक होज पाइप आणि कुलंटचा डबा असतो. सीटवरच्या माणसापेक्षा त्यांची चौकशी जास्त होते.

आता पुराचं. ऑगस्ट 2024. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 25 फूट. पाणी 35 फुटांच्याही वर गेलं. आमचं गोडाऊन समा भागात, गाडी तिथेच उभी. तिसऱ्या दिवशी जाता आलं तेव्हा सीटच्या गादीवर पाण्याची रेघ होती आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या सोंडेला गाळ. गावात मगरी रस्त्यावर आल्या होत्या. पुढे दोन मुलांनी एक मगर चक्क स्कूटरवर आडवी घेऊन वनखात्याकडे पोचवली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. काका हळहळले. "मगरीला पिकअप लागते रे. आपली चालू असती तर..."

शेजारी मदतीला धावले. पुरात शेजारी देवासारखे येतात आणि बॅटरी घेऊन येतात. "जोडा आणि सेल्फ मारून बघा, झाली तर झाली." माझा हात किल्लीकडे गेलासुद्धा. तेवढ्यात फोनवर मिस्त्री ओरडले, "सेल्फ मारता नहीं हों!" डिझेल इंजिनात पिस्टन हवा दाबतो, आणि हवा दबते. पिस्टनवर पाणी असेल तर ते दबत नाही. मग दबायचं काम कनेक्टिंग रॉड करतो, म्हणजे वाकतो. एकदा सेल्फ मारला की एवढी वर्षं जपलेलं इंजिन पाच सेकंदांत भंगार. मिस्त्रींकडे आधीच चाळीस गाड्यांची रांग होती. ते येईपर्यंत काकांचा धीर टिकणार नाही हे ओळखून काकूंनी किल्ली तांदळाच्या डब्यात पुरली. काकांनी तीन दिवस घर पालथं घातलं. चौथ्या दिवशी डब्यात माप घातलं आणि किल्ली मिळाली, पण तोवर मिस्त्री आले होते.

त्यांनी आधी ऑइलच्या तळाचा नट सोडला. पाणी जड, म्हणून पहिलं पाणीच आलं, स्वच्छ, धारेने. मागून आलं ते अमृततुल्यवाल्याने ओतावं तसं. एअर फिल्टरच्या डब्यात गाळ, पिंपळाचं पान आणि एक गोगलगाय. तिने मात्र आमच्याकडे तक्रारीच्या नजरेने पाहिलं. मग चारही हीटर प्लग काढून इंजिन हाताने फिरवलं. चौथ्या भोकातून कारंजं उडालं ते थेट काकांच्या सदऱ्यावर. सगळे गप्प. मिस्त्री हसले. सेल्फ मारला असता तर हे पाणी सदऱ्यावर आलं नसतं.

त्यानंतर स्वस्तातलं ऑइल भरायचं, दहा मिनिटं चालवायचं, काढून टाकायचं, असं तीनदा. गिअरबॉक्सचं आणि मागच्या हाउसिंगचंही बदललं, डिझेलची टाकी उतरवून धुतली. काकूंची नोंद मी जशीच्या तशी देतो: "ऑइल तीन वेळा. पहिलं चहा, दुसरं कॉफी, तिसरं ऑइल."

7 सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. सकाळी सहाला काकू गॅलरीत आल्या. धूर पांढरा, मग थोडा काळा, मग काहीच नाही. "जा आता," एवढंच म्हणाल्या. गल्लीची मूर्ती आम्हीच आणली.

खरी परीक्षा विसर्जनाची, 17 तारखेची. इंजिनाला लांबचा रस्ता सोसतो. वेग असला की रेडिएटरला वारा मिळतो. मिरवणुकीत वारा नाही, पहिला गिअर, अर्धा क्लच, पुढे ढोल, मागे मूर्ती, आणि दोन किलोमीटरला चार तास. काटा चढू लागला. थांबायची सोय नव्हती. मागे अख्खा दांडिया बाजार नाचत होता. मिस्त्रींनी शिकवलेली युक्ती केली: केबिनचा हीटर पूर्ण सोडला. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो ओढून घेतो आणि आपल्या तोंडावर फेकतो. बाहेर सप्टेंबरचा उकाडा, आत गरम झोत, काच खाली, डोळ्यांत गुलाल. शेजारी बसलेले काका घाम पुसत "मोरया" म्हणत होते, ते देवाला म्हणत होते की मला, कळायला मार्ग नव्हता. काटा मात्र हळूहळू खाली आला.

परवा पाद्र्याहून एक गिऱ्हाईक आलं. मीटर बघून खूश. "दोन लाखच? भाव बोला." मी तोंड उघडायच्या आत काकूंनी सतरा लाल चोपडे आणून ओसरीवर मांडले. त्याने तासभर वाचले, चहा घेतला, आणि गाडीचं राहू द्या, पण हे लिहिता कसं ते माझ्या मुलाला शिकवाल का, असं विचारून गेला.

तर गाडी विकायची नाही. गणपतीचं बुकिंग सुरू झालंय. मिरवणुकीत पुढच्या सीटवर बसायची हौस असेल त्यांनी घरून टॉवेल आणावा; हीटर चालू असतो.