व्याह्यांची बाल्कनी

सहलीचं नियोजन जहाजाच्या तिकिटापासून सुरू होतं असं ज्यांना वाटतं, त्यांची सोयरीक अमरावती-अकोल्याच्या मध्ये झालेली नाही. आमच्याकडे ते व्याह्यांपासून सुरू होतं. माझे बाबा अमरावतीचे, सासरे (त्यांना मी मामाजी म्हणतो) अकोल्याचे. मध्ये अंतर शंभरेक किलोमीटरचं. दोघं एकमेकांशी अत्यंत अदबीनं वागतात आणि त्या अदबीचं बिल माझ्याकडे येतं.

कॅरिबियनचं खूळ मामाजींचं. 1971 साली गावसकरांनी वेस्ट इंडीजमध्ये चार कसोटींत 774 धावा ठोकल्या तेव्हा मामाजी शाळेत होते. पुढे कृषी विद्यापीठात नोकरी झाली, निवृत्तीही झाली, पण तो आकडा काही डोक्यातून गेला नाही. 29 जून 2024 ला बार्बाडोसच्या ब्रिजटाउनमध्ये भारतानं विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांनी झोपलेल्या नातवाला गदागदा हलवून उठवलं. "अबे पाह्य, थे गाव मले एकडाव पाह्याचं हाय." नातू डोळे चोळत म्हणाला, "आजोबा, तिकडे लोक क्रूझनं फिरतात." झालं. सकाळी अमरावतीला फोन. "जवाईबापू, जहाज कोन्या टायमाले हाय, मोबाइलवर पाहून ठेवा."

मी पाहून ठेवलं. कॅरिबियनच्या बहुतेक मोठ्या सफरी फ्लोरिडातून सुटतात, मियामीहून तर रोज रांग लागलेली. म्हणजे भारतीय माणसाला आधी अमेरिकेचा व्हिसा हवा, तोही अनेकदा प्रवेश देणारा. कारण बेटं फिरून जहाज परत अमेरिकेतच येतं, आणि एकदाच आत घेणारा व्हिसा असेल तर परतताना पंचाईत. गंमत अशी की बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद या देशांत भारतीय पर्यटकाला थोड्या दिवसांसाठी व्हिसा लागत नाही. मामाजींनी हे ऐकून चष्मा काढला. "म्हंजे विंडीजवाला या म्हून राह्यला, आन् परवानगी अमेरिकेले मागाची?" मी हो म्हटलं. "हे काई बरोबर नाई," असा निकाल देऊन त्यांनी चष्मा परत घातला.

त्यात जून ते नोव्हेंबर तिकडे चक्रीवादळांचा मोसम. स्वस्तात तिकीट दिसलं की आधी महिना पाहावा. ते बहुधा सप्टेंबरचं असतं आणि स्वस्ताईचं कारण आभाळात फिरत असतं. अकरा माणसांचा व्हिसा, विमान, जहाज असा मी हिशोब मांडला तेव्हा बाबा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. "एवढ्यात बडनेऱ्याले प्लॉट येते," ते म्हणाले. आमच्या घरात कुठल्याही रकमेचं माप प्लॉटनंच घेतात.

मग माझ्या बायकोनं शोध लावला. मुंबईहून कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' नावाचं जहाज निघतं, आणि ते जहाज मूळचं तिकडचंच आहे. 1990 साली फ्रान्समधल्या सां-नाझेरच्या गोदीत बांधलेलं, 'नॉर्डिक एम्प्रेस' नावानं मियामीहून बहामा बेटांच्या छोट्या सफरी करायचं. पुढे 'एम्प्रेस ऑफ द सीज' झालं, मध्ये काही वर्षं एका स्पॅनिश कंपनीकडे नांदून आलं, 2017 मध्ये क्यूबाच्या हवानालाही गेलं. करोनात विकलं गेलं आणि सप्टेंबर 2021 पासून मुंबईकर झालं. लांबी दोनशे मीटरच्या थोडी वर. आजची कॅरिबियनमधली थोराड जहाजं याच्या कितीतरी पुढे गेलीत. 2024 मध्ये आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' 365 मीटर लांब आणि वीस मजली आहे. पण मामाजींना आकारात रस नव्हता, वंशावळीत होता. त्यांनी सगळा इतिहास दोनदा सांगायला लावला आणि म्हणाले, "म्हंजे आपल्याले तिकडं जायाची गरजच नाई. थे खुदच इकडं येऊन राह्यलं."

आता लक्षद्वीप की गोवा? लक्षद्वीपचं पाणी निळंशार, फोटो पाहून माझी मेव्हणी वेडी झाली. पण तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते लांब उभं राहतं आणि छोट्या बोटींत उतरून किनारा गाठावा लागतो. कॅरिबियनमध्ये ग्रँड केमनला हाच प्रकार. समुद्र खवळलेला असला तर उतरणंच रद्द होतं, आणि शांत असला तरी हलत्या बोटीत पाय टाकायचाच असतो. आमच्या चमूत ज्येष्ठांचे गुडघे आठ, त्यातले धड दोन. गोव्याला जहाज मुरगावच्या धक्क्याला लागतं, शिडीवरून चालत उतरायचं. घरात म्हातारी माणसं असतील तर बेटाचा फोटो नंतर पाहावा, आधी धक्का आहे का ते विचारावं.

तारीख ठरवणं हे मात्र पंचांगकर्त्यालाही जमलं नसतं. पावसाळ्यात अरबी समुद्रात जायचं नाही. ऑक्टोबरात सोयाबीन. दिवाळीनंतर कपाशीची वेचणी. जानेवारीत तूर. मार्चात पोट्ट्यांच्या परीक्षा, एप्रिल-मेमध्ये लग्नं, आणि लग्नाला नाही गेलं तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. तूर निघाल्यावर आणि परीक्षेच्या आधी एक फट सापडली, तिच्यात आम्ही जहाज घुसवलं.

खरी परीक्षा खोल्यांची. जहाजावर तीन तऱ्हेच्या खोल्या असतात: बाल्कनीवाली, नुसती खिडकीवाली, आणि आतली, जिला खिडकीसुद्धा नाही. मी शहाणपणानं सुचवलं की ज्यांना समुद्र लागतो त्यांनी खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मधल्या भागात राहावं. तिथे हेलकावे कमी. मामाजी म्हणाले, "आमाले कोठंई चालते. बाल्कनी इवायाले द्या." बाबा म्हणाले, "छे छे, बाल्कनी त्यायलेच. आमाले समुद्र पाहून काय कराचं?" हे तीन दिवस फोनवर चाललं. दोघांपैकी एकानंही "मला बाल्कनी नको" असं म्हटलं नव्हतं. दोघंही फक्त "त्यांना द्या" म्हणत होते. वऱ्हाडात हा फरक ज्याला कळतो तोच जावई म्हणून टिकतो. मी दोन बाल्कन्या घेतल्या. शेजारीशेजारी, एकाच मजल्यावर, चौरस फूट सारखेच आहेत याची फोन करून खात्री केली. पैसे तिथे संपले, म्हणून मी, बायको आणि दोन पोरं आतल्या खोलीत. ती खोली म्हणजे धान्याची कोठीच: दिवा मालवला की दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा एकच. झोप मात्र अशी लागते की बस. लहान पोरं असतील तर पैसे वाचवायला ही उत्तम, फक्त रात्रीपुरता एक बारका दिवा सोबत ठेवा.

जहाज कुणासाठी थांबत नाही, हे वऱ्हाडी माणसाला पटवणं अवघड, कारण आपल्याला वाट पाहणाऱ्या गाड्यांची सवय. अमरावतीची गाडी संध्याकाळी निघते, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला करत पहाटे सीएसएमटीला पोचते. जहाजात चढायचं दुपारी, म्हणजे कागदावर सगळं बसतं. तरी मी एक दिवस आधीची तिकिटं काढली. उशीर झाला तर गाडीचे पैसे परत मिळतील, जहाजाचे नाही. विमानाचाही विचार झाला. 16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईची सेवा सुरू झाली, पण तो विषय मी मामाजींसमोर काढला नाही. शिवणीची धावपट्टी वाढायची वाट पाहणाऱ्या अकोलेकरासमोर तो काढू नये. गाडीत मात्र सगळे एक झाले. शेगावला कचोरी आली आणि समुद्र लागेल म्हणून हलकं जेवायचं ठरलेल्या माणसांनी प्रत्येकी तीन खाल्ल्या.

समुद्र कुणाला लागेल हे ओळखायची आमची एक घरगुती कसोटी आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात ज्याला उलटी होत नाही, तो समुद्रात निभावतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली मळमळीची गोळी प्रवासाच्या आधीच घ्यायची असते, पोट ढवळल्यावर तिचा उपयोग नाही. माझा मेव्हणा घाटातला विजेता, म्हणून त्यानं गोळी नाकारली. पहिल्या रात्री तो जेवणाच्या टेबलावरून उठून गेला आणि गोवा दिसेपर्यंत आम्हाला दिसला नाही. कसोटीत दुरुस्ती: घाट तासाभरात संपतो.

बॅलार्ड पिअरला सामानाची तपासणी विमानतळासारखीच. पासपोर्ट लागला नाही, देशातल्या देशात असल्यानं सरकारी ओळखपत्रावर भागलं. सासूबाईंच्या पिशवीतून विजेची किटली निघाली. जहाजावर आगीचं भय फार, म्हणून किटली, इस्त्री, शेगडी चालत नाही. पोरगेल्या सुरक्षारक्षकानं अदबीनं पावती दिली, परतताना मिळेल म्हणाला. सासूबाईंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "पाहाटी पाचले चहा कोन देईन मले? तू?" तो बिचारा "हो मावशी" म्हणून बसला. ठेच्याची बरणी दुसऱ्या पिशवीत होती. तिच्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, आणि आम्हीही विषय काढला नाही.

चढल्याचढल्या लाइफ जॅकेटची कवायत. सात छोटे भोंगे, एक लांब, आणि सगळ्यांनी नेमून दिलेल्या जागी जमायचं. 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया आडवं झालं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हापासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच ती घ्यायची असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लोक टाळतात, टाळू नये. बाबांनी तर इतकी मनावर घेतली की जेवायलाही जॅकेट घालून आले.

फोन मात्र धक्का सुटताच विमानातल्यासारखा करून टाकावा. भर समुद्रात तो उपग्रहाचं जाळं पकडतो आणि महिन्याअखेर बिल बघून उलटी होते, गोळी घेतली असली तरी. खर्चाचं तसंच. मुख्य भोजनगृहातलं जेवण तिकिटात. थंड पेयं, मद्य, इंटरनेट, काही खास हॉटेलं वेगळी. सगळं खोलीच्या कार्डावर चढतं, रोकड दिसतच नाही. आमच्या धाकट्यानं कार्ड दाखवलं की रंगीत सरबत येतं हा शोध दुपारी तीनला लावला आणि पाचपर्यंत अकोल्या-अमरावतीच्या सगळ्या नातेवाइकांना पाजलं. पोरांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालता येते का, हे पहिल्याच तासात विचारून घ्या.

मामाजींना ना कॅसिनोत रस, ना नाचात. नोकरीतली कित्येक वर्षं त्यांनी पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात काढली. तिथे विहीर खणली की खारं पाणी लागतं. अमरावती, अकोला, बुलढाण्यातली शेकडो गावं त्यावर दिवस काढतात. नळाचं पाणी पिऊन त्यांनी ओठ चाटले आणि एका अधिकाऱ्याला गाठलं. हे पाणी कुठून भरता? तो सांगू लागला: मोठी जहाजं समुद्राचंच पाणी घेतात, इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर कमी दाबाखाली उकळतात, वाफ थंड करतात, नाहीतर दाबानं बारीक पडद्यातून गाळतात. मामाजींनी वही काढली. लिटरमागे खर्च किती? मागे उरलेल्या खारटाचं काय करता? पडदा किती दिवसांत बदलता? वरच्या डेकवर गाणी सुरू झाली, लोक नाचू लागले, आणि रेलिंगपाशी आमचे मामाजी एका गोव्याच्या पोराला दहीहांड्याच्या विहिरींचा क्षार सांगत उभे. "समुद्र गोड होते," शेवटी ते म्हणाले, "आन् आमच्या इरीले कायले नाई होत, हे मले कोनी तरी सांगा." त्या पोरानं विचारलं, "सर, कॉफी?"

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. त्या परस्पर धक्क्यावर जातात. सकाळचे कपडे, औषधं, ओळखपत्र जवळ ठेवायचं, हे मी सगळ्यांना दोनदा सांगितलं. बाबांनी शिस्तीत सगळं भरलं, कुलूप लावलं, बॅग बाहेर ठेवली. सकाळी बाल्कनीत पट्ट्यापट्ट्यांच्या हाफ चड्डीवर उभे. शेजारच्या बाल्कनीतून मामाजींनी पाहिलं, एक शब्द न बोलता आत गेले आणि आपली राखाडी पॅन्ट रेलिंगवरून पुढे केली. "घाला इवाई. आपल्यात काय हाय." कमरेला चार इंच ढिली. बाबांनी ती आईच्या पदराच्या पिनांवर तोलली.

धक्क्यावर बॅगा मिळाल्या, किटलीही मिळाली. मी बाबांना कानात म्हटलं, आता बदलून घ्या. "वेडा झाला काय? त्यायनं देल्ली हाय," बाबा पुटपुटले. सीएसएमटीच्या फलाटावर, रात्रभर गाडीत, बाबा त्याच पॅन्टीत, एक हात कायम कमरेला. पहाटे अकोला आलं. मामाजी उतरले, खिडकीशी आले, बाबांकडे नीट पाहिलं.

"शोभून राह्यली तुमाले," ते म्हणाले. "राहू द्या. फक्त मांगच्या खिशात पाण्याच्या हिशोबाची वही हाय, थे तेवढी द्या."