आयुष्याचं ध्येय, सकाळी सहा ते सव्वासात

आमच्या सोसायटीतल्या काकांकडे अजिबात वेळ नाही. हे ते स्वतःच सांगतात, आणि सांगायला पाऊण तास घेतात.

असे काका तुमच्याही सोसायटीत असणार. बँकेतून निवृत्त, साखर काठावर, आणि निरोप समारंभाची शाल घडी करून कपाटात जाते न जाते तोच आयुष्याचं ध्येय सापडलेलं. आमच्या काकांना पुण्याच्या जुन्या हौदांवर पुस्तक लिहायचं आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळातून शहरात आणलं आणि पेठांतल्या हौदांत खेळवलं. आता त्यातला फडके हौद बऱ्याच जणांना रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता म्हणूनच ठाऊक असतो. विषय चांगला आहे यात शंका नाही. चार वर्षांत पुस्तकाचं नाव ठरलं, अर्पणपत्रिकाही झाली. ती आधी काकूंना होती, सध्या विचाराधीन आहे. मजकूर तेवढा राहिलाय.

कारण सगळा वेळ वेळेच्या नियोजनात जातो. काकांच्या डायरीत दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडलेले असतात आणि शेजारी तीन पेनं. ध्येय हिरव्यात, संसार निळ्यात आणि वाया गेलेला वेळ लाल शाईत. रविवारी आठवड्याचा आढावा, तीस तारखेला महिन्याचा. डिसेंबरात तर ते कुणाला भेटतच नाहीत. बँकेतला मार्चअखेर त्यांनी घरी तिकडे सरकवलाय. हा हिशेब लिहायला रोज चाळीस मिनिटं लागतात. ती कुठल्या शाईत लिहायची, असं मी एकदा विचारलं. "अरे, हिरव्यात! हे ध्येयाचंच काम नाही का?"

मध्यंतरी घरात टोमॅटो आला. खरा नव्हे, प्लॅस्टिकचा, किल्ली फिरवली की टिकटिकणारा. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसाने विद्यार्थिदशेत असाच स्वयंपाकघरातला टोमॅटो पुढे ठेवून अभ्यास केला, त्यातून ती प्रसिद्ध पद्धत निघाली : पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. काकांनी विश्रांतीपासून सुरुवात केली. चौथ्या दिवशी टोमॅटो ओट्यावर दिसला. "कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या वाचल्या हो," काकू म्हणाल्या. त्या इटालियनाच्या शोधाने आमच्या सोसायटीत एवढंच साधलं. पण जे साधलं ते पक्कं साधलं. काकूंची तुरीची डाळ आता कधी कच्ची राहत नाही.

मग इकिगाई, म्हणजे जगण्याचं कारण. त्याची चार वर्तुळं काकांनी काकूंच्या बांगडीने काढली. आपल्याला काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवंय आणि पैसे कशाचे मिळतात. मधल्या जागेत 'हौद' लिहिलं. शेवटच्या वर्तुळात काही सुचेना, म्हणून तिथे 'पेन्शन' लिहिलं. ही वर्तुळं मुळात जपानी नाहीत, ती पाश्चात्त्य मंडळींनी मागाहून त्या शब्दाला चिकटवली, हे मी सांगितलं नाही. बांगडी अजून सापडायची होती.

या सगळ्यावर त्यांचं एकच दैवत : महामहोपाध्याय पां. वा. काणे. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली, शेवटचा १९६२ साली, तोही वकिली सांभाळून. आणि पुढच्याच वर्षी भारतरत्न. "शेवटचा खंड आला तेव्हा काणे ब्याऐंशी वर्षांचे होते," काका बोट वर करून सांगतात. "मी चौसष्ट. अजून अठरा वर्षं आहेत हातात." माझ्या माहितीतल्या कुठल्याही माणसाला काण्यांच्या चरित्रातून एवढी ढिलाई काढता आलेली नाही.

काकूंना विचाराल तर त्यांचं म्हणणं वेगळं. त्या कात्रजच्या नळाला हवा जायला जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते, असं काकांनी एकदा जेवताना सांगितलं. काकूंनी ताटाकडे बघत एक उच्छ्वास टाकला. त्याची नोंद डायरीत नाही.

आता परवाची गोष्ट. सोसायटीचं पाणी गेलं आणि टँकर आला. काका दूध घेऊन परतत होते, हातात पिशवी, सहा वाजून दहा मिनिटं, म्हणजे हिरवी वेळ. टँकरच्या ड्रायव्हरने पाइप जोडताना सहज विचारलं, "पूर्वी कसं करायचे हो काका, पंप नसताना?"

काकांनी पिशवी वॉचमनच्या खुर्चीवर ठेवली. पुढे जे झालं ते मी बादली घेऊन उभा असल्यामुळे सगळं पाहिलं. ओल्या बोटाने त्यांनी फरशीवर कात्रजचे दोन तलाव काढले. वरच्यात गाळ बसतो, निवळलेलं पाणी खालच्यात येतं, तिथून नळात. पंप कशाला हवा? उतार आहे ना! कात्रज उंचावर, शनिवारवाडा सखल. बोटाची रेघ पार्किंगमधून लिफ्टपर्यंत गेली. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा शाळेची बस सोडून ऐकत बसला. दोन बायका बादल्या उलट्या करून त्यांवर टेकल्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, मग लक्षात आलं की पंपही त्यावरच चालतो, तेव्हा पुन्हा सुरू केलं आणि काका आवाज चढवून बोलू लागले. चार वर्षांत मी त्यांना असं कधी ऐकलं नव्हतं. टोमॅटो नाही, वर्तुळं नाहीत, एकदाही घड्याळाकडे नजर नाही. ड्रायव्हर जाताना म्हणाला, "काका, हे कुठं लिहिलंय का?" काका म्हणाले, "लिहितोय."

दूध नासलं. ते कळवायला काकूंनी मला संध्याकाळी बोलावलं, त्यात माझा काय दोष ते मला अजून समजलेलं नाही. टेबलावर डायरी उघडी होती. त्या दिवसाच्या पानावर 'टँकर, गप्पा : १ तास ४० मिनिटं' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. लाल शाईत.