मागितला जांभळा, आला पांढरा

मोगऱ्याला गजरा मिळाला, जास्वंदीला गणपती मिळाला, चाफ्याला आणि प्राजक्ताला तर मराठी कवींची अख्खी रांग मिळाली. पेटुनियाला मिळाली नर्सरीतली काळी पिशवी आणि बँकेच्या दारातली ती कुंडी, जिच्यात येणारेजाणारे सिगारेटचं थोटूक विझवतात. थंडी पडली की पुण्यात दुभाजकांवर, हॉटेलांच्या पायऱ्यांवर ती भरभरून फुलते, आणि तिच्यासाठी कुणी थांबत नाही. देवाला ती चालत नाही. केसांत माळायची सोय नाही. पानं-देठं चिकट, आणि पाकळी अशी की हात लागला की मान टाकलीच. इतकं देखणं आणि इतकं बिनकामाचं फूल आपल्याकडे दुसरं नसेल.

घराणं मात्र आपल्या ओळखीचं. वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची ही तिची चुलत भावंडं. तंबाखू आणि धोतरा हे त्याच कुळातले, पण त्यांचा उल्लेख चारचौघांत होत नाही.

निवृत्तीनंतर माणसं गीता वाचतात, नर्मदा परिक्रमेला जातात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी हे तिन्ही मार्ग सोडून पेटुनियाचा नवा वाण काढायचा संकल्प सोडला. वाण कसा, तर रंग लालभडक आणि वास पांढऱ्या पेटुनियाचा. पांढरी पेटुनिया दिवसा गप्प असते. अंधार पडला की तिला वास सुटतो. तो वास लाल फुलात आणायचा, एवढीच काकांची मागणी. काकू म्हणाल्या, "सुनेबद्दलसुद्धा इतक्या अटी नव्हत्या तुमच्या."

ही मागणी किती अडचणीची आहे, ते समजायला पेटुनियाच्या माहेरी जावं लागतं. पेटुनिया दक्षिण अमेरिकेतली, ब्राझीलचा दक्षिण भाग, उरुग्वे, अर्जेंटिना या पट्ट्यातली. तिथे रानात एक पांढरी आहे. ती रात्री दरवळते, कारण तिचं गिऱ्हाईक म्हणजे रात्री उडणारे, लांब सोंडेचे मोठे पतंग. एक जांभळी आहे, ती मधमाश्यांसाठी दिवसा दुकान मांडते. आणि ब्राझीलच्या दक्षिणेला खडकांच्या कपारीत एक लाल आहे, शास्त्रज्ञांनी १९८७ साली नोंद केलेली. तिच्याकडे येतो गुंजनपक्षी. त्याला रंग दिसतो, वासाशी कर्तव्य नाही. मग लाल फुलाने वासाचा खर्च करायचा कशाला? ज्याचं त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं असल्यामुळे शेजारी राहूनही या बहिणींच्या घरांत फारशी सरमिसळ होत नाही.

सरमिसळ केली ती माणसाने, आणि तीही हजारो मैल दूर. पांढरीचं बी १८२३च्या सुमारास पॅरिसला पोचलं. जांभळी १८३०च्या आसपास जेम्स ट्वीडी नावाच्या ब्युनोस आयर्समध्ये स्थायिक झालेल्या स्कॉटिश माळ्याने ग्लासगोला पाठवली. दोघी इंग्लंडातल्या काचघरांत शेजारी आल्या आणि काही वर्षांतच नॉर्थॅम्प्टनच्या अ‍ॅटकिन्स नावाच्या रोपवाटिकावाल्याकडे त्यांची संकरित संतती फुलली. आज दुभाजकावर धूळ खात उभी असलेली पेटुनिया त्या संसारातून आलेली. शास्त्रीय नावात अजून अ‍ॅटकिन्ससाहेबांचं नाव चालतं. आपल्याकडे एवढ्या कामासाठी फार तर चौकाला नाव दिलं असतं, आणि मग तो चौक उड्डाणपुलात गेला असता.

काकांचं काम मी जवळून पाहिलं आहे, म्हणजे कुंडी धरायला मला बोलावलं जायचं. उद्या उमलेल अशी कळी आज संध्याकाळी गाठायची. काकांनी आयुष्यभर पोस्टाची तिकिटं जमवली, त्यामुळे तिकिटं उचलायचा चपटा चिमटा घरात होता. कळीची नळी नखाने उभी चिरली की आत पाच पुंकेसर दिसतात: चार जोडीजोडीने उभे, पाचवा ठेंगणा, अंग चोरून. त्यांचे परागकोश फुटायच्या आत एकेक करून काढायचे. एक जरी राहिला तरी फूल स्वतःशीच जमवून घेतं आणि सगळा खटाटोप फुकट. मग मध्ये उरते कुक्षी, हिरवी, ओलसर, चकाकणारी. तिला दुसऱ्या फुलाचे पराग लावायचे. इथे मला एक गंमत कळली: परागांनाही रंग असतो. पांढरीचे पिवळसर, जांभळीचे राखट निळे. निळ्या धुळीने माखलेला चिमटा उजेडाकडे धरून काका मिनिटभर बघत बसायचे, आणि मी कुंडी धरून अवघडायचो.

जमलं की नाही, ते कळायला फार थांबावं लागत नाही. पराग लागू पडले की फूल दोन दिवसांत सुकतं. काम झाल्यावर नटण्यात तिला रस नसतो. देठाशी बोंड धरतं, महिनाभरात तपकिरी होऊन टोकाला उकलतं. आत बी. ते मोजायच्या फंदात पडू नये. एका ग्रॅममध्ये साधारण १०,००० मावतात. पेरायचं म्हणजे ओल्या कोकोपीटवर नुसतं भुरभुरायचं, वर माती घालायची नाही, कारण त्याला रुजायला उजेड लागतो. वरून पाणीही घालायचं नाही, वाहून जातं. आणि या सगळ्या काळात घरातल्या कुणी शिंकायचं नाही. हा शेवटचा नियम काकांचा स्वतःचा.

पहिल्याच हंगामात काकांना धक्का बसला. आईबाप दोन्ही दुकानातल्या पाकिटातले होते आणि पाकिटावर 'एफ-१ संकरित' असं लिहिलेलं होतं. म्हणजे ती रोपं दिसायला एकसारखी, पण पोटात दोन घराण्यांचा माल. तो पुढच्या पिढीत बाहेर येतो. एकाच बोंडातल्या भावंडांत कुणाचा कुणाला मेळ नव्हता: कुणी उंच शेलाटी, कुणी जमिनीला चिकटलेली, कुणी फिकट गुलाबी, कुणी पांढरी, एक तर काविळीसारखी पिवळट. लाल होत्या, त्यांना वास नव्हता. वास होता, त्या लाल नव्हत्या.

इथून पुढे खरा वाणकार आणि आमचे काका यांच्या वाटा वेगळ्या होतात. खरा वाणकार वाफ्यातून चालत जातो, हजारातल्या दोनचार रोपांवर खूण करतो आणि बाकीची उपटून खतात टाकतो. या धंद्यात जोडणी ही थोड्या संध्याकाळींची करामत. उरलेलं सगळं टाकून देणं. काकांना ते जमेना. त्यांच्या घरात जिलेटिनचे कागद आणि श्रीखंडाचे डबेही टाकले जात नाहीत, तिथे जिवंत रोप कोण टाकणार? मग ती वाटली गेली. जिन्यात, पार्किंगमध्ये, वॉचमनच्या खोलीच्या दाराशी, माझ्या खिडकीत. आमची इमारत त्या हिवाळ्यात नापास पेटुनियांचं वसतिगृह झाली होती, आणि सांगायला हरकत नाही, फार सुंदर दिसत होती.

टाकण्याचं हे काम ज्यांनी निष्ठुरपणे केलं, त्यांची भरभराट झाली. जपानच्या साकाटा कंपनीची हकिकत काकांना पाठ होती. दुहेरी पाकळ्यांची पेटुनिया आधीही होती, पण बी पेरलं की बरीच रोपं एकेरी निघायची. दुहेरी फुलात स्त्रीकेसर बहुधा धड नसतो. तिला आई होता येत नाही, बापच व्हावं लागतं. नेमका बाप निवडून साकाटाने शंभरातली शंभर दुहेरी देणारं बी काढलं, आणि १९३४ साली त्याला 'ऑल-अमेरिका सिलेक्शन्स'चा पुरस्कार मिळाला. ते बी सोन्यापेक्षा महाग विकलं जाई असं सांगतात. पुढे १९५३ साली चार्ल्स वेडल या अमेरिकन वाणकाराची 'कोमांची' आली, लाल रंगाची संकरित. लाल म्हटल्यावर काकांनी खुर्ची पुढे ओढली. "वास होता का हो तिला?" मी म्हटलं, पुस्तकात रंगच सांगतात. ते खिन्न झाले.

काकूंना आवडली ती पुढची गोष्ट. कुंडीतून पडद्यासारखी खाली लोंबणारी 'सर्फिनिया' १९८९ साली बाजारात आली. ती आणणारी सनटोरी ही जपानी कंपनी व्हिस्की करणारी. आणि जमिनीवर पसरत जाणारी 'पर्पल वेव्ह', 'ऑल-अमेरिका' पुरस्काराची १९९५ची मानकरी, ती किरीन या बिअरवाल्यांच्या बागेतली. काकू म्हणाल्या, "बघा. आणि तुम्ही चहावर बसलाय." या दोन्हींत एक गोष्ट मला लक्षात ठेवण्यासारखी वाटते. पेटुनिया उभी, आटोपशीर, भरगच्च असावी म्हणून वाणकारांनी शंभर-दीडशे वर्षं घालवली होती. सरपटणारी, लांब फाटे फेकणारी रोपं त्यांच्या लेखी तणच. जपान्यांनी ते रानटी सरपटणंच कामाला लावलं, आणि जगभरच्या बाल्कन्या भरून गेल्या.

मागावं एक आणि मिळावं दुसरं, याची कमाल झाली ती कॅलिफोर्नियात. रिचर्ड जॉर्गेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जांभळी पेटुनिया आणखी गर्द करायची होती. जांभळा रंग घडवणाऱ्या जनुकाची एक जादा प्रत त्यांनी रोपात घातली. हिशोब सरळ होता: रंगारी दुप्पट, रंग दुप्पट. फुलं आली ती पांढरी. काही अर्धी पांढरी, अर्धी जांभळी. जादा रंगारी आल्यावर जुन्यानेही ब्रश खाली ठेवला होता. (सरकारी कचेरीत काम केलेल्याला याचं नवल वाटू नये.) १९९०च्या त्यांच्या शोधनिबंधाने शास्त्रज्ञांना कोड्यात टाकलं. पेशी आपलेच जनुक गप्प करू शकते, ते कसं, याचा उलगडा पुढे एका सूक्ष्म कृमीवरच्या प्रयोगांतून झाला आणि त्याबद्दल २००६चं नोबेल अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना मिळालं. पेटुनियाला कुणी स्टॉकहोमला बोलावलं नाही. बाजारात तारांकित पेटुनिया मिळतात, जांभळ्यावर पांढऱ्या पट्ट्यांचा तारा असलेल्या. त्या पट्ट्यांत पेटुनिया हीच युक्ती आपली आपण करत आलेली आहे.

नारिंगी पेटुनियाची गोष्ट याहून नाटकी. नारिंगी रंग तिच्या घराण्यात नाही. १९८७ साली जर्मनीत कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेत मक्याचं एक जनुक घालून तो आणला गेला, १९९० साली हजारो रोपं उघड्या शेतात लावली गेली, आणि ऊन तापलं तशी कित्येकांनी तो रंग सोडून दिला. विषय तिथे मिटला असं सगळ्यांना वाटलं. पंचवीस वर्षांनी, २०१५ साली, तेमू तेरी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना हेलसिंकीच्या रेल्वे स्टेशनबाहेरच्या कुंडीत नारिंगी पेटुनिया दिसली. बाकीचे लोक गाडी पकडायला धावत होते. हे गृहस्थ फुलापाशी थांबले, एक फाटा घरी नेला, तपासला. आत मक्याचं जनुक! परवानगीविना ती पेटुनिया कधीच बाजारात शिरली होती आणि देशोदेशी सुखाने विकली जात होती. २०१७ साली फिनलंडने ती दुकानांतून काढायला सांगितली, मग अमेरिकेत आणि युरोपात इतरत्र नारिंगी वाणांची रोपं नष्ट करायचे हुकूम निघाले. त्या फुलाने कुणाचं काय वाकडं केलं होतं, हे मला आजवर उमगलेलं नाही. तिचा गुन्हा एवढाच की कागदपत्रं नव्हती. २०२४ पासून तर अमेरिकेत अळंबीची जनुकं घातलेली, अंधारात हिरवट उजळणारी पेटुनिया रीतसर परवान्याने विकतात. ते ऐकून काकू म्हणाल्या, "ही आणा. वीज गेल्यावर उपयोगी पडेल."

तिसऱ्या हंगामात काकांनी एक रोप निवडलं. लाल नाही, वास नाही. मळकट गुलाबी रंग, त्यावर गर्द जांभळ्या शिरा, आणि घशाशी त्या शिरा एकमेकींत मिसळून जवळजवळ काळ्या झालेल्या. एका दृष्टीने बघितलं तर आजारी, दुसऱ्या दृष्टीने पैठणीच्या काठातलं काहीतरी. बियांनी ती तशीच येईल याची खात्री नाही, म्हणून काकांनी तिचे कोवळे शेंडे खुडून कलमं लावली आणि एप्रिलचं ऊन लागू नये म्हणून स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या ओट्यावर ठेवली. काकूंचा मिक्सर तेव्हापासून जमिनीवर आहे.

वाण म्हणून नोंदवायचा तर रोपाबद्दल कायद्याच्या तीन अटी असतात: तो इतरांपेक्षा वेगळा असावा, सगळी रोपं एकसारखी असावीत, आणि पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहावा. काकांनी तिन्ही अटी वाचल्या आणि नोंदणीचा विचार सोडला. नाव मात्र ठेवायचंच होतं. त्यासाठी रविवारी सकाळी चहाला मंडळी बोलावली. कुणी 'चंद्रकळा' सुचवलं, कुणी नातीचं नाव. खालच्या मजल्यावरच्या वहिनी बराच वेळ कुंडीकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पण काका, ही पेटुनियाच ना? आमच्या बँकेबाहेर आहे, तीच?"

काका उठले. त्यांनी कुंडी उचलली, ओट्यावरून खिडकीपाशी आणली, चष्मा काढून वहिनींच्या हातात दिला आणि म्हणाले, "आता बघा. घशाशी बघा."