समोरच्या रस्त्यास अनावृत पत्र

मा. रस्तेसाहेब,
के. आर. पुरम, बंगळूर.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या जुन्या घराच्या तळमजल्याचे आणि अंगणाचे काम काढले आहे आणि त्यामागची प्रेरणा सर्वस्वी आपली आहे. आर्किटेक्ट येऊन गेला, कंत्राटदार येऊन गेला, वास्तुवालेही दिशा हुंगून गेले. पण खरा आराखडा आपणच आखलात. श्रेय ज्याचे त्याला मिळावे.

सासरे दूरवाणीनगरच्या टेलिफोन कारखान्यात होते. १९४८ साली निघालेला तो कारखाना स्वतंत्र भारताचा पहिला सार्वजनिक उपक्रम म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्या पगारावर या भागात बरीच घरे उभी राहिली. त्यातलेच हे एक, तीस बाय चाळीस फुटांच्या साइटवरचे. सासूबाई सांगतात, तेव्हा आपल्यावरून तीन पायऱ्या चढून अंगणात यावे लागे. आपण मातीचे होतात. पाय जमिनीवर होते. पुढे डांबर चढले, त्यावर पुन्हा डांबर, त्यावर पुन्हा. आज फाटकातून आत यायला दोन पायऱ्या उतरतो. घर तिथेच आहे, आपली मात्र भरभराट झाली.

जुना थर खरवडून काढावा आणि मगच नवा टाकावा, हा या धंद्यातला अगदी प्राथमिक धडा. मिलिंगची यंत्रे त्यासाठीच असतात. शेजारच्या तमिळनाडूत २०२१ मध्ये खुद्द मुख्य सचिवांना तसे लेखी बजावावे लागले. पण खरवडण्यात कष्ट आहेत आणि खरवडलेल्या रस्त्याचा फोटो काही चांगला येत नाही. नवा काळाभोर थर कसा लगेच दिसतो! आपली मोठी भावंडे तर आता डांबरावरही थांबत नाहीत. व्हाइट-टॉपिंगच्या नावाने त्यांना पंधरा-वीस सेंटिमीटर काँक्रीटची पांढरी टोपी चढते. आपला नंबर कधी, हे विचारायची हिंमत होत नाही.

पावसाचे काय ते आपण जाणताच. मे २०२५ मध्ये होरमावूच्या साई लेआउटमधून लोकांना ट्रॅक्टरने बाहेर काढले, ते साऱ्या देशाने पाहिले. आमच्यावर आपली मर्जी असल्याने इथे फक्त दिवाणाचे पाय भिजतात. चिंता आहे ती संपची. बंगळुरात बहुतेक घरांच्या अंगणाखाली पाण्याचे हे टाके असते. त्यात येते ते कावेरीचे पाणी. शंभरेक किलोमीटरवरून, जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच चढवून आणलेले, दिवसाआड मिळणारे. त्या टाक्याच्या झाकणावरून आपले पाणी वाहते तेव्हा आत काय काय मिसळते, हे आम्ही पत्रात लिहीत नाही. घरी लहान मुलेही वाचतात. याच शहरात मार्च २०२४ मध्ये बांधकामाला पिण्याचे पाणी वापरले तर पाच हजार रुपये दंड होता. म्हणजे उन्हाळ्यात घर बांधायला पाणी नाही आणि पावसाळ्यात पाण्यात घर.

एक उपाय होता, घरच उचलायचे. हरियाणाकडचे कारागीर येतात, भिंतींखाली ओळीने जॅक लावतात आणि बोटाबोटाने अख्खे घर वर घेतात. चेन्नईत अशी कितीतरी घरे वर गेली. अमेरिकेतल्या शिकागोने तर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हा उद्योग शहरभर केला. गटारांना उतार मिळेना म्हणून रस्ते उंच केले आणि त्यांच्या मागोमाग इमारती. १८६१ मध्ये ट्रेमाँट हाउस नावाचे विटांचे भलेथोरले हॉटेल सहा फूट उचलले, तेव्हा पाहुणे आत मुक्कामाला होते. हे सगळे मी रंगवून सांगितले. सासूबाईंनी शेंगा सोलता सोलता ऐकले आणि म्हणाल्या, "घर चढेल गं. पण तिथे कुठवर चढायचं ते आधी ठरलं होतं. इथे आपण चढलो की हा पुन्हा चढणार."

शेवटी दोन फूट भर टाकायचे ठरले. आता तळ वर आला म्हणजे छत खाली आले. खिडक्या गुडघ्याशी आल्या, जिन्याच्या खालच्या पायऱ्या पोटात गेल्या, प्लगपॉइंट मातीत. चौकटी वर सरकवायच्या तर लिंटेल फोडावे लागते आणि नाही फोडले तर सहा फुटी मुलाला आपल्याच घरात वाकून यावे लागते. "संस्कार होतात, मॅडम," कंत्राटदार म्हणाला. खर्चाचा आकडा यांनी माझ्यापासून लपवला, मी सासूबाईंपासून. १६८७ साली व्यंकोजीराजे हे सबंध बंगळूर शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना तीन लाखांत द्यायला निघाले होते. मध्येच मोगलांचा कासिमखान घुसला आणि त्याने त्याच भावात सौदा उरकला. तीन लाखांत आज आमचे एक न्हाणीघर होते. फिटिंग वेगळे.

सगळ्यात जीव तुटला तो तांबड्या जमिनीसाठी. रेड ऑक्साइडची जमीन, कडेने काळा पट्टा. सिमेंटात तांबडी भुकटी कालवून, गवंड्याने उकिडवे बसून, थापीने तासन्‌तास घोटलेली. आमच्या मराठी मुलखातल्या कोब्याची ही दक्षिणेकडची देखणी बहीण. इतकी वर्षे पुसून पुसून तिच्यात तोंड दिसायचे. ना तडा, ना पोपडा. तिचा दोष एवढाच की ती आपल्यापेक्षा खाली होती. तिच्यावर डेब्रिज ओतले, धुमसाने ठोकले आणि त्या दिवशी कोणी नीट जेवले नाही. मग कंत्राटदाराने टाइल्सचा कॅटलॉग उघडला. सगळ्यात महाग पानावर होते, 'रेड ऑक्साइड लुक', व्हिट्रिफाइड, म्हैसूर पॅलेस कलेक्शनच्या शेजारी. आमच्याच जमिनीचा फोटो आमच्या जमिनीवर घालायला पैसे मोजा! यांनी कॅटलॉग मिटला. आता साधी करडी टाइल बसते आहे.

अंगणात मात्र सासूबाईंनी निशाण रोवले. अंगणात चप्पडी कल्लू आहेत, म्हणजे ग्रॅनाइटच्या लांब ओबडधोबड फरशा. मधल्या फटींतून गवत येते आणि पाणी मुरते. त्या काढून काँक्रीट आणि वर पार्किंग टाइल, असा बेत होता. पावसाचे पाणी जिरवण्याचा कायदा या शहरात २००९ पासून आहे, पण जुन्या घरांना तो चाळीस बाय साठपासून लागू. आम्ही त्यातून सुटतो, हे कंत्राटदाराने अशा आनंदाने सांगितले की जणू सूनमुख पाहिले. सासूबाई बेळगावच्या. त्यांनी फरशीवर खुर्ची टाकली, मेस्त्रीला कन्नडमध्ये जे सांगायचे ते सांगितले आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. आता त्याच फरशा नव्या मातीवर पुन्हा बसताहेत, फटींसकट. आंब्याच्या खोडाला भर टाकली तर झाड गुदमरते, म्हणून भोवती कठडा बांधून खड्डा ठेवला आहे. पाहुणे त्याला विहीर समजतात.

काम कधी संपणार ते मात्र विचारू नये. नव्वदच्या दशकात इथे लोक दारांवर 'नाळे बा' लिहीत. रात्री दार ठोठावणारी भुताळी 'उद्या ये' वाचून निघून जाई, म्हणे. आमच्या दारावर काही लिहिलेले नाही, पण मेस्त्री ते रोज वाचून परत जातो. मुलाने काल खडूने 'इवत्ते बा' लिहिले आहे. आजच ये. आला नाही.

दरम्यान एक लहानशी बाब. आमचे अंगण वर आल्यापासून आपले पाणी आमच्याकडे थांबत नाही, ते शेजारी जाते. परवा त्यांचे आजोबा कुंपणाशी उभे राहून आमच्या भरीकडे बराच वेळ पाहत होते. आज त्यांच्या फाटकाशी आमचाच मेस्त्री टेप धरून उभा होता. बहुधा म्हणूनच तो आमच्याकडे येत नाही.

तरी साहेब, विनंती इतकीच की आपली नियोजित उंची लेखी कळवावी. २०३० ची कळवा, २०४० ची कळवा, होईल तेवढी कळवा. आपल्या खात्याची पाटी किती वेळा बदलली याच्याशी आम्हांला कर्तव्य नाही. आकडा मिळाला की सगळी गल्ली एकदाच भर टाकील. वर्गणीची तयारी आहे.

आपली नम्र,
दोन फूट वर आलेली गृहिणी

ता. क. आमची खडी आणि एम-सँड आपल्या अर्ध्या अंगावर पडली आहे. आठवडाभर चालवून घ्यावे. पावसाने थोडी गटारात गेली, ती आमची नव्हे.