डिसेंबरचा चाकरमानी

चाकरमान्यांच्या जाती आम्हां मालवणकडच्या लोकांना पाठ आहेत. गणपतीचा चाकरमानी आरत्या बेंबीच्या देठापासून म्हणतो, शिमग्याचा मानपानावरून भांडतो, मे महिन्यातला झाडावरचे आंबे मोजतो. अलीकडे चौथी जात निघाली आहे. ३१ डिसेंबरला बुडणारी रजा आणि मुलांची नाताळची सुट्टी एकत्र आली की ही जात कुडाळ स्टेशनात उतरते. वर्षभर डोंबिवलीत चहासुद्धा आयता पिणारा हा गृहस्थ गावच्या माजघरात पाऊल टाकताच बेकर होतो.

त्याची बॅग उघडते तेव्हा अख्खी वाडी गोळा होते. मासळीचं खोकं यावं तशी ती उपसली जाते: सिलिकॉनची चटई, माणसाच्या आकाराचे साचे, आयसिंगच्या पिशव्या, थर्मामीटर आणि ग्रॅममध्ये बोलणारा वजनकाटा.

"पिठाक काटो कित्याक रे? रेशनवर इलंस काय?" काकी विचारते.

तो हसतो. अज्ञानाबद्दल त्याला राग नाही, कणव आहे. तो सांगतो की आपण जिंजरब्रेड कुकीज करणार आहोत. म्हणजे काय? तर आलं, गूळ, दालचिनी, लवंग घालून केलेलं बिस्कीट.

"आल्या-गुळाचा? खोकलो कोणाक झालो?"

यावर व्याख्यान होतं. न्यूर्नबर्ग शहर या पदार्थासाठी कसं शतकानुशतकं गाजतंय, इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी पाहुण्यांच्या चेहऱ्यामोहऱ्याची बिस्किटं करून घ्यायची असं म्हणतात, ग्रिम बंधूंनी १८१२ साली हॅन्सेल-ग्रेटेलची गोष्ट छापल्यावर बिस्किटांच्या घरांना कसे दिवस आले, सगळं. ते आलं तिकडे गेलं आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरून, हे मात्र व्याख्यानात नसतं. दालचिनी त्याने मॉलमधून पाकिटात आणलेली असते. विहिरीपलीकडे माडांच्या सावलीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' जातीची दालचिनी उभी आहे. तिला टेकून तो फोनला रेंज शोधतो.

याची खरी चमक दिसते ती शेजारच्या ख्रिश्चन बाईकडे. तिच्या घरी चार दिवस नेवऱ्यांचा घाणा चालू असतो. पोरं फणीवर पिठाच्या गोळ्या वळून कलकल करत असतात. नाताळच्या दिवशी भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेलं ताट वाडीतल्या प्रत्येक घरी जायचं आणि दिवाळीच्या फराळाची परतफेड व्हायची, असा रिवाज. हा तिथे जाऊन, पिढ्यान्‌पिढ्या नाताळ करणाऱ्या त्या बाईला ख्रिसमस खरा कसा साजरा करतात ते समजावतो. ती नेवरीला मुरड घालता घालता सगळं ऐकून घेते आणि काळजीने विचारते, "तुमी थंय नाताळाक नेवऱ्यो करनास नाय?"

मग अडचणी सुरू होतात. अंडं फोडायला घ्यावं तर मार्गशीर्षातला गुरुवार! घट मांडलेला, महालक्ष्मी बसलेली. काकी अंड्यासकट त्याला मागच्या पडवीत हाकलते. ओव्हन असतो, त्यानेच दोन वर्षांपूर्वी दिलेला. त्यात सातबारे आणि एलआयसीच्या पावत्या ठेवलेल्या असतात, कारण तिथे वाळवी लागत नाही. ते सगळं बाहेर काढून बटण दाबावं तर लाइट जाते. शेवटी काकीच पातेलं चुलीवर ठेवते, झाकणावर करवंट्यांचे निखारे रचते. धोंडस असंच भाजतात. खाली विस्तव, वर विस्तव. "एकशे ऐंशी डिग्री पायजे," तो थर्मामीटर परजत सांगतो. काकी झाकणाजवळ तळहात नेते आणि म्हणते, "झाला."

खरा गोंधळ पुढे. ताटात ओळीने निजवलेली कणकेची दहा-बारा माणसं बघून पाणी मागायला आलेली शेजारीण दारातच थबकते. आमच्या मुलखात कणकेचं माणूस कोणी हौसेने करत नाही. "कोणाच्या नावान केलंस ह्या?" ती हळूच विचारते. त्यातल्या एकाचा पाय काढताना मोडलेला असतो. गडग्यावरून वाद असलेला पलीकडचा भाऊबंद दुसऱ्या दिवशी लंगडत बाजारात जाताना दिसतो. गुडघा त्याचा गणपतीपासूनच दुखत होता, पण हे आता कोण ऐकणार! संध्याकाळपर्यंत गाऱ्हाणं देवळात पोचलेलं असतं.

मुलं मात्र खूश. डोळे, बटणं, टाय. एकाने तर साखरेच्या रेघांनी दशावतारातल्या संकासुराचं रूप काढलं. संपूर्ण ताटात तेवढंच देखणं होतं. खाऱ्या हवेने रात्रीत आयसिंग पाझरलं, बिस्किटं मऊ पडली आणि सकाळी सगळी माणसं रडल्यासारखी दिसू लागली.

तोंडाची चव बदलायला काकीने फडताळातून पुडी काढली. कार्तिकापासून आमच्याकडे जत्रांचा हंगाम. ज्या घरात जत्रेची पुडी नाही ते घर सुतकातलं. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वर गुळाचा पाक, पाकात ठेचलेलं आलं. खाजा. चाकरमान्याने एक कांडी तोंडात टाकली, थांबला, दुसरी टाकली.

जानेवारीत त्याच्या ऑफिसात डबा फिरला. "आमच्या कोकणातली पारंपरिक जिंजरब्रेड. मैदा नाही, अंडं नाही, ग्लूटेन नाही," असं तो सांगत होता, आणि साहेब कांड्या मोडत होते. डबा अकरालाच रिकामा झाला. कोणीतरी कृती मागितली. त्याने तिथूनच काकीला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि वही पुढे ओढली. आलं किती ग्रॅम घेतेस?

"मी खंय करतंय मेल्या? जत्रेतसून इकत हाडलंय ता."