दुसऱ्या मजल्यावरची हरवलेली बिऱ्हाडं

गेल्या गणपतीत लालबागच्या आमच्या चाळीची वर्गणीची यादी माझ्याकडे होती. संगणकावर ‘दुसऱ्या’ शोधलं, तर त्या मजल्यावरची २० पैकी ९ बिऱ्हाडंच आली. उरलेली ११ तिथंच, डोळ्यांसमोर होती. ती आदल्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी टाइप केली होती, एवढाच फरक.

हे दोन शब्द बघा: दुसऱ्या, दुसर्‍या. डोळ्यांना एकच. पण संगणकाच्या लेखी पहिल्यात ७ संकेत (कोड) आहेत, दुसऱ्यात ८. आपला अर्धा, आडवा ‘र’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन पाय मोडायचा. दोन, साध्या र चा पाय मोडून पुढे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह घालायचं. पहिली रीत भारतीय इस्की मानकाला धरून आहे. दुसरी युनिकोड २.० शी सुसंगती राहावी म्हणून ठेवली आहे, असं युनिकोडच्या मानकातच लिहिलंय.

ते न दिसणारं चिन्ह कॉपी-पेस्टमध्ये कुठेतरी गळतं आणि र उडी मारून रफार होतो. आमच्या फलकावर ‘आचाऱ्यांना आगाऊ रक्कम दिली’ असं हवं होतं, छापून आलं ‘आचार्यांना’. महाप्रसादाचा स्वयंपाक करणारे आचारी गेले, गुरुजी आले. दऱ्यांचा दर्या होतो तो असाच, आणि वाचणारा म्हणतो, मराठी कच्चं आहे.

मग ही जुनी, जॉइनरची रीत बंदच करून टाका, असं म्हणणारे भेटतात. त्यांना माझा ठाम विरोध आहे. काळबादेवीच्या निर्णयसागर छापखान्याने जुने खिळे वितळवून नवे पाडले असते, तरी आधी छापलेल्या पोथीतलं एक अक्षरही हललं नसतं. संगणकावर तसं नसतं. पान उघडलं की अक्षर नव्यानं काढलं जातं. आज नियम बदलला, तर वीस वर्षांपूर्वी नीट लिहिलेला लेख उद्या चुकीचा दिसेल आणि लिहिणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये त्याचा जनक लिनस टोरवाल्ड्स याचा दंडक आहे, की दुरुस्तीपायी लोकांचा चालता प्रोग्राम मोडायचा नाही. मला तो शंभर टक्के मान्य आहे.

पण जुनं वाचता आलं पाहिजे, याचा अर्थ जुनं लिहीतच राहिलं पाहिजे असा होत नाही. इथे आपले लोक गल्लत करतात. सुसंगतीचं नाव पुढे करून नवा कळफलकसुद्धा तेच न दिसणारं चिन्ह घालत असेल, तर ती चूक आहे आणि ती आजच काढता येते. इनस्क्रिप्टवर शिफ्ट दाबून जे मारलं की ऱ मिळतो. बाकीच्या कळफलकांनीही तोच द्यावा. शोधताना दोन्ही रूपं एकच धरावीत. अक्षर काढणाऱ्या प्रोग्रामनं मात्र दोन्ही कायम काढावीत. त्यात कुणाचं काही मोडत नाही.

‘ॲ’चंही हेच. स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये युनिकोड ५.१ सोबत आलं. तोवर अ वर चंद्र ठेवून काम भागत होतं, म्हणून आज ‘ॲप’ आणि ‘अॅप’ एकमेकांना सापडत नाहीत.

फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, अँड्रॉइड यांत अक्षरं जुळवणारं हार्फबझ हे सॉफ्टवेअर मुक्त आहे. कितीतरी कळफलकही मुक्त आहेत. तिथं तक्रार नोंदवायला कुणाची ओळख लागत नाही. पण ‘बिऱ्हाड’ शोधून सापडत नाही ही अडचण न्यूयॉर्कच्या माणसाला येणारच नाही. ती आपल्यालाच, दोन्ही शब्द शेजारी ठेवून, सांगावी लागेल.

आमच्या यादीत मी २० ही बिऱ्हाडं ऱ घालून नव्यानं लिहिली. जुनी फाइल तशीच ठेवलीय, आणि ती अजून नीट उघडते.